दमणे म्हणजे आळस नव्हे

अर्धपोटी राहून शिकलेल्या पिढीला अंगावर चढलेले मांस सुबत्तेचे लक्षण वाटले, यात नवल नाही. मूल गुटगुटीत दिसले की ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. तेच मूल मैदानावर दोन फेऱ्यांत थांबले, की आळशी ठरते. माझ्या मते हे दोन्ही निवाडे चुकीचे आहेत.

विश्रांतीच्या वेळी मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस हृदयाची गती आवरून धरते. व्यायाम सुरू होताच हा लगाम सैल होतो व ठोके वाढतात. श्रम थांबले की तो पुन्हा आवळला जातो. लठ्ठपणात ही घडी अनेकदा विस्कटते. मोठ्या देहाला रक्त पुरविण्यासाठी हृदय आधीच अधिक राबत असते. त्यामुळे श्रमासाठी राखीव बळ कमी उरते आणि थांबल्यावरही ठोके सावकाश उतरतात. प्रौढांच्या ट्रेडमिल चाचणीत पहिल्या मिनिटात ठोके १२ हून अधिक उतरले नाहीत, तर ती सावधगिरीची खूण मानली जाते. शिवाय त्याच चालीचे श्रम लठ्ठ व्यक्तीच्या मेंदूला अधिक जाणवतात. तेव्हा सर्वांना सारख्या फेऱ्या ही समता नव्हे.

मात्र ही स्थिती अटळ नाही. नियमित व्यायामाने, वजन फारसे न घटताही, हृदयाची ही लय सुधारू शकते. मेंदूलाही लाभ होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटांपर्यंत चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

संयुत्त निकायात कोसलराजा प्रसेनजिताची कथा आहे. अतिभोजन करून धापा टाकत आलेल्या राजाला भगवंतांनी हिणवले नाही, भोजनातील मात्रेचे भान दिले. राजाने जेवणाच्या वेळी तो उपदेश ऐकविण्याचे काम एका तरुणाकडे सोपविले आणि आपला आहार क्रमाक्रमाने कमी केला. उपहासाऐवजी सोबत आणि घाईऐवजी क्रम, हेच आजच्या व्यायामालाही लागू पडते.

एकेकाळी पहाटेच्या घंटेसरशी मैदान गाठणारे आपण माजी विद्यार्थी आज दिवसभर खुर्चीत बसतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर वैद्यकीय सल्ला घेऊन चालण्यापासून आरंभ करावा. पालकांनी मुलाला टोमणा मारण्याऐवजी त्याच्यासोबत चालावे. आणि शाळेच्या मैदानावर सर्वांत मागे धावणाऱ्या मुलाची कालची एक फेरी आज दीड झाली असेल, तर पहिली टाळी त्याच्यासाठी वाजावी.