कडबा, कापूस आणि ठिबकाची नळी

ठिबकाच्या नळ्या, शेततळ्याचा कागद, खताची पोती हा सारा प्लास्टिकचा माल किल्लारी भागात आता घरोघरी दिसतो. आपला बराच पैसा त्यात अडकलेला असतो. दुकानदार भाव सांगतो, पण माल कशाचा बनतो ते सांगत नाही. म्हणून या खेपेला हा विषय घेतला आहे.

आधी ज्वारीचे एक ताट डोळ्यांपुढे आणा. दाण्यातील पिष्ट आणि कडब्यातील सेल्युलोज ही दोन्ही एकाच मालाची बनलेली असतात. तो माल म्हणजे ग्लुकोज, दवाखान्यात बाटलीतून चढवतात तीच साखर. तिचे शेकडो, हजारो कण एकापुढे एक जोडले की लांब साखळी होते. अशा पदार्थाला शास्त्रात बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. मग दाणा आपल्याला पचतो आणि कडबा का पचत नाही? कड्या त्याच, पण कडीत कडी अडकवण्याची तऱ्हा निराळी. दाण्यातले जोड आपले पोट सोडवते, कडब्यातले त्याला सुटत नाहीत. खरे म्हणजे म्हशीलाही ते स्वतः जमत नाही. तिच्या कोटीपोटातले जिवाणू तिच्यासाठी ते काम करतात. कापूस तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच.

पॉलिथिनची साखळी माणसाने बनवली. १९३३ साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत इथिलीन वायूवर प्रचंड दाब देताना मेणासारखा पांढरा पदार्थ हाती लागला, तोच हा. याचे जोड पाण्याने सुटत नाहीत, सौम्य आम्लाने सुटत नाहीत. म्हणूनच ठिबक संच आम्लाने धुतला तर क्षार तेवढे निघतात, नळी शाबूत राहते.

नळीचा खरा वैरी ऊन. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून साखळी मधेमधे तोडतात. तुकडे आखूड झाले की लवचिकपणा जातो आणि नळी तडकते. नळीत शेकडा दोन-अडीच भाग काजळी घालतात ती रंगासाठी नव्हे, ते किरण काजळीने शोषून घ्यावेत म्हणून. तरीही हंगाम संपला की नळ्या गुंडाळून सावलीत ठेवा. पीव्हीसीचा पाईप दीड-दोन फूट खोल गाडा.

शेततळ्याच्या कागदाचा पाण्याबाहेरचा काठ सर्वांत जास्त तापतो. तो चरात दाबून मातीने झाका. कागद ५०० मायक्रॉनचा, भारतीय मानकाचा शिक्का असलेला घ्या आणि बिलावर तसे लिहून घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार एकास एक धरला, तर सुमारे २२ लाख लिटर मावते. म्हणजे अशा चार गाड्यांहून जास्त पाणी त्या एका कागदाच्या भरवशावर उभे असते!

जुन्या नळ्या जाळू नका. पॉलिथिन तापवले की वितळते आणि त्याची नवी वस्तू करता येते, म्हणूनच भंगारवाला पैसे मोजतो. (कुकरच्या मुठीचे बेकेलाईट तसे वितळत नाही, त्यातल्या साखळ्या एकमेकींना आडव्या सांधलेल्या असतात.) पीव्हीसीच्या वजनात तर निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. ते जाळले की झोंबणारा आम्लवायू आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. पाणी तापवायच्या चुलीत पाईपचे तुकडे सरकवणारी घरे आहेत, आणि त्या धुरात लेकरे शेकत बसतात. हे आजच बंद करा.

राहिला गोठा. कडबा सोडवणारे कोटीपोटातले जिवाणू पॉलिथिनपुढे हात टेकतात. खरकटे पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकले की गाय ते पिशवीसकट गिळते. पिशव्या पोटात साठत जातात, वाट अडते, गाय रवंथ सोडते, पोट फुगते. मग पोट चिरूनच त्या काढाव्या लागतात, तेही वेळेवर कळले तर. खरकटे पिशवीतून मोकळे करून टाका, आणि खताच्या पोत्याचे सुटलेले धागे वैरणीत दिसले तर गव्हाणीत टाकण्याआधी वेचून घ्या.