संध्याकाळचा दीड तास
(खुले पत्र)

प्रति,
माननीय अध्यक्ष व मॅनेजिंग कौन्सिलचे सर्व सदस्य,
रयत शिक्षण संस्था, सातारा.



हे पत्र संध्याकाळच्या साडेपाच ते सात या वेळेबद्दल आहे. शाळा सुटली की जाऊन-येऊन करणारी पोरं एसटी गाठायला पळतात. गाडी चुकली तर घरी पोचायची पंचाईत, म्हणून मैदान त्यांच्या वाट्याला येतं ते पी.टी.च्या तासापुरतं. दहावीच्या वर्षी तोही तास बऱ्याचदा गणिताला जातो. बोर्डिंगातलं पोर मात्र तिथंच असतं. अंधार पडेपर्यंतचा वेळ, समोर मैदान आणि खेळायला बरोबरीची पन्नास पोरं, एवढं सगळं एका जागी वसतिगृहातच जुळून येतं. आणि नेमका तिथंच हा वेळ पोरांच्या हातून जातो आहे.

मी स्वतः सांगली जिल्ह्यातल्या एका बोर्डिंगात चार वर्षं काढली. आमच्याकडे एक व्हॉलीबॉल होता. तो कपाटात, कपाटाची किल्ली लेखनिकांकडे, आणि लेखनिक पाच वाजता सायकलवर टांग टाकून घरी. आम्ही चिंध्यांचा चेंडू करून खेळायचो, आणि तोही खिडकीवर बसला की छड्या खायचो. त्या जागेचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण गेल्या काही वर्षांत सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत वेगवेगळ्या संस्थांची जी वसतिगृहं पाहिली, तिथली बरीच कपाटं अजून तशीच बंद दिसली.

दुष्काळी माण तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात गेलो होतो. सहाला हजेरी झाली, फाटकाला कुलूप लागलं. पलीकडच्या मैदानावर मुलांचा कबड्डीचा दम घुमत होता. मुलींनी काय केलं असेल? व्हरांड्याच्या दोन टोकांचे दोन खांब त्यांनी खो-खोचे खांब मानले आणि मधल्या शहाबादी फरशीवर अनवाणी डाव मांडला. वाळत घातलेले परकर-टॉवेल चुकवत एक सातवी-आठवीतली पोर अशी काही पळत होती की मी बघतच राहिलो. वळताना घसरली, गुडघा सोलवटला, थुंकी लावून पुन्हा उठली. पंधरा मिनिटांत अभ्यासिकेची घंटा झाली आणि सगळ्या जणी आत गेल्या.

त्याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली होती. आटपाडीकडच्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिचे वडील शिक्षक. लेकीच्या खेळासाठी त्यांनी गावाकडचं बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं. ज्या आईबापांना बिऱ्हाड हलवता येत नाही, जे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते काय करतात? पोराला वसतिगृहात ठेवतात. त्यांच्या पोरांचं सातारा-सांगली म्हणजे ते वसतिगृहच.

हे पत्र रयतलाच का, असं आपण विचाराल. कारण बोर्डिंग ही गोष्ट गोरगरिबांच्या पोरांसाठी या भागात कर्मवीर भाऊरावांनी रुजवली. १९१९ साली काले गावी संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रसुद्धा विकलं. हा इतिहास मी आपल्याला सांगावा असं नाही. पण त्यातली एक गोष्ट मागे पडली आहे, असं मला मनापासून वाटतं. भाऊराव स्वतः कुस्ती खेळलेले, अंगापिंडाने भक्कम. त्यांच्या बोर्डिंगातली पोरं शेतात राबायची, खोदकाम करायची, स्वयंपाकाला लागायची. दिवसभराच्या कामातच शरीर घडायचं. वेगळ्या पी.टी.ची गरजच नव्हती. पुढे ती अंगमेहनत कमी झाली. व्हायलाच हवी होती, पोरं मजूर नव्हेत. मात्र तिच्या जागी शरीरासाठी दुसरं काहीच आलं नाही. आला तो नीटचा फाउंडेशन क्लास.

सातारा जिल्ह्यातच पाचगणीच्या निवासी शाळा आहेत. तिथं खेळ वेळापत्रकातच असतो, आईबाप त्यासाठी लाखांत फी मोजतात. साताऱ्याचं सैनिक स्कूल हे देशातलं पहिलं, १९६१ सालचं. तिथंही मैदानावरची संध्याकाळ कुणाला मागून घ्यावी लागत नाही. मग रयतेच्या पोराला ती का मागावी लागावी?

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक ठेवायला सांगितलं आहे. अंशकालीन म्हणजे तास संपला की तोही एसटीला. संध्याकाळी पोरांजवळ कोण? खाशाबा जाधवांची गोष्ट आपण दर वर्षी सांगतो. गोळेश्वरचा पोरगा, कराडच्या टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांना तिथं पाठवण्यासाठी घर गहाण ठेवलं, तिथं टाळ्या पडतात. पण घर गहाण टाकण्याची वेळ शेवटी येते. त्याच्या आधी कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी लाल मातीत उतरावं लागतं, आणि उतरणाऱ्याकडे बघणारं कुणीतरी जाणतं माणूस हौद्याशेजारी बसावं लागतं.

पदकं हा या मागणीचा लहान भाग आहे. या दोन जिल्ह्यांतली किती पोरं-पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावताना दिसतात! मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळा. विसाव्या वर्षी पहिल्यांदा धावायला लागतात, नडग्या धरून बसतात, एकेका सेकंदाने यादीबाहेर राहतात. त्यांना बाराव्या वर्षी कुणी रोज पळवलं असतं तर?

म्हणून विनंती करतो. आपल्या प्रत्येक वसतिगृहात साडेपाच ते सात या वेळेत कुठलाही क्लास, सराव परीक्षा, जादा तास नको, असा ठराव करा. वसतिगृहात राहणारा खेळाचा शिक्षक नेमा, मुलींच्या वसतिगृहात शिक्षिका. मुलींच्या फाटकाचं कुलूप सातनंतर लावा, आणि तोवर मैदान त्यांचंही असू द्या. खेळून आलेल्या पोराच्या हातावर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवा, कारण आठच्या जेवणापर्यंत भूक काढायची म्हणून कित्येक पोरं खेळतच नाहीत. पैसा लागेल, माजी विद्यार्थ्यांकडे मागा. माझा वाटा मी आजच बाजूला काढून ठेवला आहे. आपण केलंत की बाकीच्या संस्था मागोमाग येतील, या भागात आजवर तसंच झालं आहे.

आणि पहिलं काम बिनपैशाचं आहे. खेळाच्या कपाटाची किल्ली उद्याच पोरांच्या हातात द्या.

आपला नम्र,
बोर्डिंगात वाढलेला एक विद्यार्थी, सांगली