‘सात’ हा आकडा कवीचा नाही



कुसुमाग्रजांच्या सात वीरांवरील कवितेमागे इतिहास नाही, ‘सात’ हा आकडा कवीच्या कल्पनेतला, असे गेल्या अंकातील एका पत्रात वाचले. हे मान्य करता येत नाही.

ही कविता ज्या लढाईवर आहे, ती २४ फेब्रुवारी १६७४ रोजी आमच्याच जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीला झाली. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या बहलोलखानाला सरनौबत प्रतापराव गुजरांनी सोडून दिले. तो उलटला, आणि शिवाजी महाराजांचे बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागले; त्यातूनच ते नेसरीला खानावर चालून गेले.

सभासद बखरीत मोठ्या युद्धाचे वर्णन आहे, सात स्वार नाहीत. तेवढ्यापुरते पत्रलेखकांचे खरे. पण बखर १६९४ च्या सुमाराची. इंग्रजांचे दुभाषी नारायण शेणवी यांनी मुंबईकर इंग्रजांना एप्रिल १६७४ मध्ये, म्हणजे दीड महिन्याच्या आत, लिहिलेल्या पत्रात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह पडल्याचे आहे. उरलेल्या फौजेची कुमक त्यांना मिळाली नाही, असेही त्यात म्हटले आहे. सहा आणि एक सात!

माझ्या मते ही कविता युद्धाचा जयघोष नाही. खिंडीतून कोणीच परतले नाही, ही वेदना तिच्या मुळाशी आहे. शाळांनी मुलांना एकदा तरी नेसरीच्या खिंडीत नेऊन ती वाचून दाखवावी. शौर्याबरोबर त्याची किंमतही त्यांना तिथे कळेल.

— आपला एक वाचक, कोल्हापूर