पावती, व्हाउचर आणि रंगमंच



परवा वस्तीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या घरी आले. पोरगी बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली. एका नाट्यसंस्थेने तिला हिशेबाच्या कामासाठी बोलावले होते. बापाचा प्रश्न सरळ होता, "भाऊ, नाटकवाल्यांकडची नोकरी ही काय नोकरी झाली? त्यापेक्षा बँकेची परीक्षा बरी नाही का?"

प्रश्न रास्त आहे. आम्हीही बी.कॉम.च. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी संस्थांची कामे, यात आमचे निम्मे आयुष्य गेले. म्हणून आमचीच एक चूक त्यांना सांगितली.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही एका कलापथकाचे खजिनदार होतो. मुलांच्या नाट्यशिबिरासाठी अनुदानाचा पहिला हप्ता आला. त्याच वेळी दौऱ्याच्या टेम्पोचे भाडे थकले होते. आम्ही म्हटले, पैसा संस्थेचाच आहे, या खिशातला त्या खिशात! शिबिराच्या पैशातून भाडे चुकते केले. वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तेव्हा हिशेब तपासनिसांनी सही करायला नकार दिला. दुसरा हप्ता अडकला. कुणी एक पैसाही खाल्ला नव्हता. तरी ढोलकीवाल्याचे मानधन सात महिने थकले. त्याच्या दारात हात जोडून उभे राहिलो, तेव्हा हा धडा शिकलो.

दुकानाच्या गल्ल्यातला पैसा मालकाचा असतो. संस्थेला मालक नसतो. वर्षअखेर शिल्लक राहिली तरी ती विश्वस्तांना वाटून घेता येत नाही. अनुदान ज्या कामासाठी आले, त्याच कामाला लावावे लागते. म्हणून प्रत्येक अनुदानाचे खाते वेगळे, व्हाउचर वेगळे.

नाटकाच्या धंद्यात आणखी एक पेच असतो. नाट्यगृहाचे भाडे आधी भरायचे, तिकिटाचा पैसा मागाहून येणार. मधले दिवस कसे काढायचे हे अंदाजपत्रकात आधीच मांडावे लागते. कलावंताच्या मानधनातून कापलेला कर मुदतीत भरायचा. आपल्या राज्यात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचे. विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत बदल अर्ज करायचा. परदेशी देणगी 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. एवढे जाणणारा माणूस नाट्यसंस्थेलाच नव्हे, तर वाचनालय, संग्रहालय, दवाखाना, शिक्षणसंस्था सगळ्यांनाच लागतो. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली. अशी संस्था टिकवायची तर तिच्या जमाखर्चाला जपणारी माणसेही हवीत.

पण खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. छोट्या संस्थेत पगार बँकेपेक्षा कमी असतो. पुष्कळदा नोकरी अनुदान असेपर्यंतच टिकते. "ही तर समाजसेवा आहे" असे म्हणून पगार कापणारेही भेटतात. सेवा आपल्या खुशीने करावी. पगार हा कामाचा मोबदला आहे.

म्हणून मुलीला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. गेल्या तीन वर्षांचा ऑडिट अहवाल पाहायला माग. नेमणुकीचे पत्र लेखी घे. आणि कोऱ्या व्हाउचरवर सही मागितली, तर त्याच दिवशी बाहेर पड. बँकेचा फॉर्मही भरून ठेव, एका वाटेने दुसरी बंद होत नाही.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. म्हणाली, "काका, अहवाल मागितला तर त्यांनी आधी चमकून पाहिले, मग तिन्ही फायली टेबलावर आणून ठेवल्या." आम्ही म्हटले, "मग जा बिनधास्त."

आता आपल्याकडेही पाहू या. आपल्या मंडळाचा, विहाराचा जमाखर्च आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? येत्या रविवारी मागून पाहा. आणि घरात बी.कॉम. झालेले पोर असेल, तर वही त्याच्या हाती द्या.