दुसऱ्या विभागातील रात्रपाळी

सेमेलवाइसची गोष्ट सांगण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे आणि ती मोडावी असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातला एक तरुण हंगेरियन डॉक्टर १८४७ साली सूतिकाज्वराचे मूळ डॉक्टरांच्याच हातांवर शोधून काढतो, क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावतो, मृत्यू घटतात, वरिष्ठांना ते पटत नाही, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत होतो. लुई-फेर्दिनां सेलीनने १९२४ साली वैद्यकाच्या पदवीसाठी लिहिलेला प्रबंध याच माणसावर आहे. मॉर्टन थॉम्प्सनने १९४९ मध्ये त्याच्यावर कादंबरी लिहिली. कार्ल हेम्पेलने १९६६ च्या आपल्या पुस्तकात गृहीतके कशी तपासावीत याचा नमुना म्हणून हीच कथा घेतली. कादंबरीकार काय आणि तत्त्वज्ञ काय, सर्वांना नायक एकच सापडला. त्या नायकाशी आमचे भांडण नाही. परंतु शेजारच्या विभागात रात्रभर राबणाऱ्या ज्या शिकाऊ सुईणींवाचून त्याला काहीएक सिद्ध करता आले नसते, त्या या आख्यानात केवळ एक टक्केवारी होऊन बसल्या आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकांना त्यात काही खटकत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

वस्तुस्थिती अशी. त्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. तेथे येणाऱ्या बायका बहुतेक गरीब, पुष्कळशा अविवाहित. मोफत उपचारांच्या मोबदल्यात शिकाऊंनी आपल्याला तपासावे ही अट त्यांनी पत्करलेली असे. १८४० साली निघालेल्या हुकमाने पहिला विभाग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आणि दुसरा शिकाऊ सुईणींना नेमून देण्यात आला. तोवर दोन्हीकडचे मृत्यूचे प्रमाण साधारण सारखे होते. पुढे १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ प्रसूती झाल्या आणि १,९८९ बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात १७,७९१ प्रसूती झाल्या आणि ६९१ दगावल्या. एकीकडे शेकडा जवळजवळ दहा, दुसरीकडे चारांहून कमी. हा फरक शहरातल्या गरीब बायकांना चांगला ठाऊक होता. आपल्याला पहिल्या विभागात नेत आहेत हे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून परत जाऊ देण्याची विनवणी करीत, असे खुद्द सेमेलवाइसनेच लिहून ठेवले आहे.

दाखल करून घेण्याचे वेळापत्रकही त्याने नोंदवले आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत दुर्लक्षित मजकूर होय. सोमवारी दुपारी चारपासून मंगळवारी चारपर्यंत येणाऱ्या बायका पहिल्या विभागात, मग बुधवारी चारपर्यंत दुसऱ्यात, असा एकाआड एक क्रम. मात्र शुक्रवारी चारपासून रविवारी चारपर्यंत सलग दोन दिवस पहिल्यातच. म्हणजे दुसऱ्या विभागाच्या वाट्याला आठवड्याच्या तीन पाळ्या: मंगळवारची, गुरुवारची आणि रविवारची. वरच्या आकड्यांवरून कोणीही हिशेब करून पाहावा. अशा प्रत्येक पाळीला सरासरी एकोणीस बायका येतात. सरासरी म्हटली की काही रात्री हलक्या आणि काही रात्री तिच्या कितीतरी वर, हे ओघानेच आले.

अशा एका मंगळवारच्या रात्री शिकाऊ सुईणीपुढे काय असेल? सुईणपण जेथे कोठे चालते तेथे जे असते तेच. एकीच्या कळा अजून दूरदूर आहेत, तिला हात न लावता नुसता धीर द्यायचा. दुसरीला जोर करावासा वाटतो आहे, पण वेळ झालेली नाही, तिला थोपवायचे. तिसरीचे मूल झाले आहे पण वार पडलेली नाही. चौथी बाळंत होऊन निवांत दिसते, आणि नेमके तिच्याचकडे पुन्हापुन्हा जाऊन पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल पडले हे चाचपायचे, पांघरुणाखाली रक्त किती गेले ते पाहायचे. कारण ओरडणारी बाई आपल्याकडे लक्ष वेधून घेतेच, रक्त जाणारी मात्र गप्प होत जाते. ह्या चौघींपैकी आधी कोणाकडे जायचे, हा निर्णय ती शिकाऊ बाई रात्रीतून अनेकदा घेते. पुस्तकातले प्रकरण तेथे कामास येत नाही, कारण पुस्तकात एका वेळी एकच बाई अडलेली असते. त्या काळी मृत्यूंचे खापर गर्दीवर फोडले गेले. सेमेलवाइसचे उत्तर असे की गर्दी दुसऱ्या विभागात अधिक आहे, कारण जिला जमेल ती तेथेच येऊ पाहते. तेथे बाळंतिणींना कुशीवर निजवतात हे कळल्यावर त्याने आपल्या विभागातही तसे करून पाहिले. उपयोग झाला नाही, हे खरे. पण एक डॉक्टर शिकाऊ सुईणींची पद्धत बारकाईने वाचून तिचे अनुकरण करतो, हा प्रसंग नाट्यमय नव्हे काय? नायकाच्या चरित्रात मात्र तो एका फसलेल्या प्रयोगापुरता उरतो.

येथे काही वाचक घाईने टाळ्या वाजवतील, म्हणून दुसरी बाजूही सांगून टाकतो. शिकाऊ सुईणींना 'निसर्गदत्त स्त्रीज्ञाना'च्या पुतळ्या करून पूजणारे लेखन आम्हांला तितकेच नापसंत आहे. त्यांचे हात निर्धोक राहिले ते त्यांच्या पुण्याईने नव्हे. शवविच्छेदन त्यांच्या शिक्षणात नव्हते, एवढेच. जे ज्ञान पुरुष विद्यार्थ्यांना भूषण म्हणून मिळे, त्याचे दार त्यांना बंद होते, आणि त्या बंद दारामुळे शेकडो बायका वाचल्या. १८४८ साली, हात धुण्याचा नियम वर्षभर पाळला गेल्यावर, पहिल्या विभागात ३,५५६ प्रसूतींत ४५ आणि दुसऱ्यात ३,२१९ प्रसूतींत ४३ मृत्यू झाले. फरक मिटला. अपमानास्पद म्हणून घातलेली मर्यादा जीव वाचवते आणि प्रतिष्ठेची विद्या जीव घेते, असा विरोधाभास एखाद्या नाटककाराने रचला असता तर आपण त्यावर चर्चासत्रे भरवली असती. तो वास्तवात घडला तेव्हा तो वैद्यकाच्या इतिहासात ढकलून आपण मोकळे झालो.

असे का होते? आमचे उत्तर कटू आहे. आपल्या समीक्षेला घडलेलेच वाचता येते. मृत्यू, शोध, छळ, वेड, ह्या घटना. आणि एकोणीस बायका बाळंत होऊन सकाळी जिवंत आहेत, ही तिच्या लेखी घटनाच नव्हे. ही खोड परदेशी नाही. आनंदीबाई जोशींचे काय झाले? चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, पुढे त्या अमेरिकेला गेल्या, परतल्या, वारल्या, हे मराठी वाचकाला पाठ आहे, श्री. ज. जोशींच्या कादंबरीमुळे अधिकच. परंतु १८८६ साली पेनसिल्व्हेनियात पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, हे साहित्याच्या किती वर्गांत सांगितले जाते? आयुष्य वाचायचे आणि लेखन वगळायचे, हा लेखिकेचा गौरव कसला?

काहीच घडले नाही तर लिहायचे काय, असा प्रश्न आम्हांला विचारला जातो. त्याला तयार उत्तर आहे. १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल ह्या डॉक्टरांनी ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, सुईणींसाठी एक आलेख प्रसिद्ध केला. आडवे तास, उभे गर्भाशयमुखाचे सेंटिमीटर, आणि दोन तिरप्या रेषा: पहिली सावध होण्याची, चार तास पुढे असलेली दुसरी कृतीची. दूरच्या केंद्रावरील सुईणीला बाई मोठ्या रुग्णालयात केव्हा धाडायची हे त्यावरून कळावे. बाईगणिक एकेक कागद. पहिल्या रेषेच्या डावीकडे खुणा चालत राहिल्या की रात्र ठीक गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या नमुन्यात त्या रेषा गेल्या, कारण प्रत्येक बाईची प्रगती तासाला एक सेंटिमीटर ह्या मापाने होत नाही हे मान्य झाले. तो वाद समजून घेतला तर 'कथानकाची गती' ह्या विषयावर वर्गात बोलण्यासारखे पुष्कळ हाती लागेल. आपल्याकडील परिचर्येच्या विद्यार्थिनी प्रसूतिकक्षातल्या रात्रपाळीत पार्टोग्राफ भरायला शिकतात. त्यांची वसतिगृहे आपल्या साहित्य विभागांपासून फार लांब नसतात.

तेव्हा मागणी साधी आहे. ज्या अध्यापकांना सेमेलवाइस शिकवायचाच आहे, त्यांनी यंदा सेलीन बाजूला ठेवावा आणि वर दिलेले वेळापत्रक फळ्यावर लिहावे. मग मंगळवारी दुपारी चार ते बुधवारी दुपारी चार ह्या चोवीस तासांचे निवेदन दुसऱ्या विभागातून लिहायला विद्यार्थ्यांना सांगावे. अट एकच: कोणी मरता कामा नये.