खिळे जुळवणाऱ्या मुली

दिवाळी अंकाची परंपरा सांगताना आपण १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पाशी जाऊन थांबतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ऋण मोठेच आहे. पण त्याच काळात पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात एक छापखाना चालत होता आणि तिथे खिळे जुळवणाऱ्या, यंत्रावर उभ्या राहणाऱ्या साऱ्या बायका आणि मुली होत्या. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या. यंदाचा अंक पोरक्या मुलांच्या प्रश्नाभोवती गुंफायचा ठरला, तेव्हा सुरुवात केडगावापासूनच करावीशी वाटली.

केडगावचा तो छापखाना पंडिता रमाबाईंचा. त्यांचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात आणि भांडण १८८३ सालच्या बाप्तिस्म्यावर येऊन अडते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले ते उच्चवर्णीय विधवांसाठी. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, तोही दहा वर्षांच्या बोलीवर; मुलींच्या धर्मात हात घालणार नाही, ही हमी. पुढे सदन पुण्यात आले. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात असा बोभाटा झाला, ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा सगळा सनातन्यांचा कांगावा होता, असे आम्ही म्हणणार नाही. दार उघडे ठेवून प्रार्थना करणाऱ्या बाईला ‘मी कुणाला बोलावले नाही’ असे म्हणता येईल. पण जिचे जेवणखाण त्याच बाईच्या हाती आहे, त्या कोवळ्या मुलीला ते उघडे दार म्हणजे आमंत्रणच. बाप्तिस्म्याच्या वादात जोतीराव फुले १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले होते, हेही इथे नोंदवायला हवे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील अशाच उपासमारीत गेले होते. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढी माणसे ठेवायची कुठे? केडगावची जमीन तोवर घेऊन झाली होती. अमेरिकेचा पैसा बोलीप्रमाणे आटला की फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, एवढाच तिच्यामागचा हिशेब. त्या माळावर तंबू पडले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या ‘मुक्ती’ सदनातली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालेल्या कामात आता जात विचारायला कुणाला सवड नव्हती. आमच्या मते शारदा सदनापेक्षा मोठे पाऊल हे, आणि ते दुष्काळाने टाकायला लावले.

दोन हजार तोंडे नुसत्या देणग्यांवर जगत नाहीत. केडगावात माग चालले, तेलघाणा फिरला, शिवणकाम आणि गाईगुरे आली, शेत पिकले. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. छापखान्याची गोष्ट तर आमच्यासारख्या कागद-शाईत जन्म काढणाऱ्यांना चक्रावून टाकणारी. खेड्यातल्या बाईला वाचून समजेल अशा मराठीत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ५ एप्रिल १९२२ ला देह ठेवण्याआधी ते हातावेगळे केले, आणि त्याची जुळणी-छपाई आश्रमातल्या बायकांनी केली. काही वर्षांपूर्वी जी मुलगी शेणातले दाणे वेचत असेल, ती देवनागरीच्या घरातून जोडाक्षर अचूक उचलते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. त्या पानांवर काय छापले होते, याबद्दल वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

वादाच्या धुरळ्यातून दुसरी वाटही निघाली. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली आणि कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये उभा राहिला. पंढरपुरात प्रार्थना समाजाचे बालकाश्रम तर १८७५ पासूनच होता.

आज प्रश्न बदलला आहे. आपला २०१५ चा बालन्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो, आणि ते योग्यच आहे. कंबोडिया, नेपाळ, हैती इथे परदेशी भाविकांच्या पैशावर जी अनाथालये उभी राहिली, त्यांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात होते. त्यांना नेऊन सोडले ते गरिबीने. चार आठवड्यांसाठी येणारे पाहुणे मुलांना कडेवर घेतात, फोटो काढतात आणि विमानाने परततात. मुलाला दर महिन्याला नव्या माणसाचा लळा लावायचा आणि तोडायचा, याला सेवा म्हणायला आमची जीभ रेटत नाही. तोच पैसा त्या आईच्या हाती, घराच्या भाड्यासाठी किंवा शाळेच्या फीसाठी पडला असता तर इमारत उभी राहिली नसती, कोनशिलाही बसली नसती. देणाऱ्यांना कोनशिला हवी असते, ही खरी अडचण आहे. धर्म कोणताही असो.

आपणही फार वेगळे नाही. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत फराळाची पाकिटे घेऊन बालगृहांत मोटारी लागतात, आणि फेब्रुवारीत तिथे चिटपाखरू फिरकत नाही.

या अंकात संस्थांमध्ये वाढलेल्या माणसांचे लेख आहेत. त्यांच्या बालपणाची करुण छायाचित्रे आम्ही मागितली नाहीत. मजकूर मागितला, मुदत दिली, दोनदा तगादा लावला, आणि मानधन दिले ते या अंकातल्या नामवंतांना दिले तेवढेच.