धान्यापासून गोड पाक : अनुदान मंजूर झाले म्हणजे रोख हातात आली का?

तांदळाची कणी शिजवून त्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचे पीठ मिसळतात. मिश्रण काही तास 60 ते 65 अंश सेल्सिअसवर ठेवले की स्टार्चची साखर होते. ते गाळून आटवले की बिस्किटे, मिठाई व पेयांसाठी गोड पाक मिळतो.

अशा छोट्या उद्योगांसाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना सुरू केली. पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के. बाकी बँक कर्ज.

येथेच अनेकांची गफलत होते. 10 लाखांच्या प्रकल्पाला साडेतीन लाख मंजूर झाले, तरी ती रक्कम बँकेतच राहते. कर्जाचा शेवटचा हप्ता मिळाल्यानंतर तीन वर्षांनी खाते नियमित आणि उद्योग चालू असेल, तरच ती जमा धरली जाते. हप्ते थकले तर अनुदानही धोक्यात येते.

पाक आटवायला इंधन भरपूर लागते. म्हणून आधी घरी थोडा पाक करून पाहा, इंधनाचा हिशेब मांडा, गिऱ्हाईक शोधा. वेष्टनावर जवाचा उल्लेख करा. त्यातील ग्लूटेन काहींना सोसत नाही.

योजनेची मुदत 2025-26 पर्यंत ठरली होती. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी अर्ज स्वीकारले जात आहेत का, याची जिल्हा कृषी कार्यालयात किंवा बँकेत खात्री करा.